टायर प्रेशरचा दिवा लागला: ट्रक, पिकअप आणि व्हॅनवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधून कांदा, द्राक्षं आणि किराणा माल वाहणाऱ्या आमच्या गाड्या आहेत. काही पिकअप, एक बंद व्हॅन आणि दोन दहाचाकी. गेली काही वर्षं सगळ्या गाड्यांवर टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, म्हणजे सगळे ज्याला टीपीएमएस म्हणतात ती आहे. व्हॅनला कंपनीतूनच आली, बाकीच्यांना बाहेरून बसवली. ड्रायव्हर, गाडीमालक आणि मार्केट यार्डातले ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

चालत्या गाडीत दिवा लागला. थांबू की पुढे नेऊ?

थांबा. पण करकचून ब्रेक दाबून नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट धरा, इंडिकेटर देऊन हळूहळू डावीकडे या आणि सपाट, मोकळी जागा बघून उभे राहा. घाटात असाल तर वळणावर उभं राहण्यापेक्षा पार्किंगच्या जागेपर्यंत कमी वेगात जाणं बरं. मात्र स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल, मागून फटफट आवाज येत असेल किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर पुढच्या ढाब्याचा विचार सोडून द्या.

ज्या डिस्प्लेवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो, त्याचा इथे मोठा फायदा होतो. १० मिनिटांपूर्वी १०८ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाखवणारं चाक आता १०३ आणि लगेच ९८ दाखवत असेल, तर हवा जोरात चालली आहे. आकडा खाली येऊन एका जागी थांबलेला असेल, तर बारीक गळती असू शकते आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. नुसता पिवळा दिवा असलेल्या गाडीत हा फरक कळत नाही. म्हणून तिथे उतरून बघणं हाच एक मार्ग.

दिवा आधी लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. हे काय असतं?

घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह, असा तो पिवळा दिवा. लागला आणि लागूनच राहिला तर हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर मिनिट-दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर बहुतेक गाड्यांमध्ये त्याचा अर्थ यंत्रणाच बिघडली आहे असा होतो. एखाद्या सेन्सरची बॅटरी संपली असेल, पंक्चर काढताना सेन्सर तुटला असेल, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावलेली असेल. अशा वेळी टायर ठीकही असू शकतो, पण आता तुमच्यासाठी त्यावर कुणी नजर ठेवत नाही. गेजने रोज तपासायला लागा आणि दुरुस्ती आठवड्याच्या आत करून घ्या.

उतरल्यावर नेमकं काय बघायचं?

आधी गेजने मोजा. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. रेडियल टायर हवा पुरेशी असतानाही खाली थोडा फुगलेला दिसतो, आणि ट्रकच्या मागे एकाच बाजूला शेजारी-शेजारी, जोडीत लावलेला टायर तर पूर्ण बसला तरी शेजारच्या टायरच्या आधाराने उभाच दिसतो. मग वॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, खिळा दिसतो का बघा, आणि बाजूची भिंत हाताने चाचपा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ट्रकचा टायर बराच वेळ कमी हवेत धावला असेल, तर त्यात तिथल्या तिथे हवा भरू नका. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांत यासाठी मर्यादाच घालून दिली आहे: ठरलेल्या हवेच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर उतरवून, आतून तपासल्याशिवाय पुन्हा फुगवायचा नाही. ११० पीएसआयच्या टायरला ही रेषा ८८ वर येते. कमी हवेत धावताना बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा वाकून वाकून थकतात. बाहेरून काही दिसत नाही, पण हवा भरताना त्या ओळीने सटासट तुटतात आणि टायर चेन उघडल्यासारखा फाटतो. रिंगवाल्या रिमवर तर रिंग सुटून उडण्याचा धोका वेगळा. पंक्चरच्या दुकानात माणसं दगावतात ती अशी. टायर पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून हवा भरणारा पंक्चरवाला दिसला, तर चार पैसे जास्त घेतले तरी तिथेच जा.

जोडीतला आतला टायर एवढा धोक्याचा का म्हणतात?

दिसत नाही म्हणून. बाहेरचा टायर बसला तर मागून येणारा ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवून सांगतो. आतला बसला तर कुणालाच कळत नाही. त्याचा सगळा भार बाहेरच्यावर येतो, तो तापतो. बसलेला टायर रस्ता, रिम आणि शेजारचा टायर यांच्यामध्ये मळला जातो आणि त्याहून जास्त तापतो. आधी धूर, मग आग. हायवेच्या कडेला मागून जळालेला ट्रक दिसतो, त्याची सुरुवात बऱ्याचदा एका आतल्या टायरपासून झालेली असते.

जोडीतल्या दोन टायरांच्या हवेत ५ पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. दोन्हींची उंचीही जवळपास सारखी हवी. एक नवा आणि एक झिजलेला अशी जोडी लावली, तर मोठा टायर एकटाच ओझं उचलतो आणि लहान घासत राहतो. हा फरक टीपीएमएसला दिसत नाही. तो टायर लावतानाच बघावा लागतो.

आतल्या चाकाचा वॉल्व्ह हाताला येत नाही म्हणून तिथे हवा तपासायचा कंटाळा होतो. खरं सांगायचं तर दहाचाकीवर टीपीएमएस बसवायचं माझ्यासाठी एवढं एकच कारण पुरेसं होतं.

थंडीत पहाटे दिवा लागतो, दुपारी आपोआप विझतो. सिस्टिम खराब आहे का?

नाही, ती बरोबर सांगते आहे. निफाडकडच्या लोकांचा डिसेंबर-जानेवारीत हा प्रश्न ठरलेला असतो. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो. दुपारी ३० अंशांत ६० भरलेला पिकअपचा मागचा टायर पहाटे १० अंशांत साधारण ५५ दाखवेल, कुठेही गळती नसताना. त्यात महिनाभरात आपोआप कमी होणारी हवा मिळवली की आकडा इशाऱ्याच्या रेषेला टेकतो. गाडी धावली, टायर गरम झाला, आकडा वर गेला आणि दिवा विझला. विझला म्हणून हवा पुरेशी झाली असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, कंपनीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. ही पाटी बहुतेक ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते.

लांबून आल्यावर टायर १२५ दाखवतो. थोडी हवा काढू का?

अजिबात काढू नका. ही चूक मी अनुभवी ड्रायव्हरांनाही करताना पाहिली आहे, म्हणून हिशेबच मांडतो. ३० अंशांत ११० भरलेला टायर धावून ७० अंशांवर गेला की साधारण १२६ दाखवतो. हे अपेक्षितच आहे आणि टायर बनवणाऱ्याने ते धरूनच ११० सांगितलेलं असतं. आता तुम्ही गरम टायरमधून हवा काढून ११० केलीत. दुसऱ्या दिवशी पहाटे २० अंशांत तोच टायर ९२ वर असेल. म्हणजे मालाने भरलेली गाडी तुम्ही अर्धवट हवेवर काढणार, टायर जास्त वाकणार, जास्त तापणार, आणि संध्याकाळी पुन्हा आकडा जास्त दिसणार.

पाटीवरचा आकडा हा थंड टायरचा. थंड म्हणजे किमान तीन तास उभी असलेली, उन्हात न तापलेली गाडी.

माल भरल्यावर प्रेशर किती वाढतं?

जवळजवळ वाढत नाही. लोकांना हे पटत नाही. ओझ्याने टायर चपटा होतो, पण आतली जागा फारशी कमी होत नाही, त्यामुळे आकडा एखाद-दुसऱ्या पीएसआयने हलला तर हलला. याचा अर्थ नीट समजून घ्या: टीपीएमएस ओव्हरलोड पकडत नाही. दीड टनाच्या पिकअपमध्ये अडीच टन कांदा भरला तरी स्क्रीनवर सगळं हिरवंच दिसेल. जास्त ओझ्याचा पत्ता लागलाच तर धावल्यानंतर तापमानाच्या आकड्यात लागतो, आणि तोवर टायरचं जे व्हायचं ते नुकसान सुरू झालेलं असतं.

हवा भरली तरी दिवा विझत नाही.

थोडं चालवून बघा. उभ्या गाडीत बरेच सेन्सर बॅटरी वाचवण्यासाठी झोपलेले असतात आणि गाडीने वेग घेतला की मगच नियमित सिग्नल द्यायला लागतात. पाच-दहा किलोमीटरमध्ये दिवा जायला हवा. नाही गेला तर गाडीत रीसेटचं बटण किंवा मेनू आहे का ते पुस्तकात बघा. तरीही नाही, तर स्टेपनीची हवा तपासा. काही गाड्यांमध्ये तिच्यातही सेन्सर असतो, आणि स्टेपनीकडे वर्षभर कुणी फिरकलेलं नसतं.

चाकांची अदलाबदल केल्यावर आकडे चुकीच्या जागी दिसतात ही तक्रारही याच घरातली. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. मागचं चाक पुढे आणलं तरी डिस्प्ले त्याला मागचंच समजतो, जोवर तुम्ही नवी जागा शिकवत नाही. व्हॅन-पिकअपमध्ये पुढची आणि मागची हवा वेगळी असते, त्यामुळे हे न केल्यास खोटे इशारे येतात किंवा, त्याहून वाईट, खरा इशारा येत नाही.

माझ्या व्हॅनला सेन्सरच नाही म्हणतात, तरी दिवा लागतो. कसा?

ती अप्रत्यक्ष पद्धत. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या थोडी कमी होते, म्हणून तेवढंच अंतर कापायला ते बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतं. एबीएसचे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चाकांचा वेग मोजतच असतात, त्यावरून संगणक अंदाज बांधतो. स्वस्त आणि टिकाऊ, पण हा अंदाज आहे. किती पीएसआय ते कळत नाही, आणि चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर साध्या यंत्रणेला पत्ताही लागत नाही. प्रत्येक वेळी हवा भरल्यावर रीसेट करावं लागतं. त्याआधी चारही टायर गेजने नीट भरलेले असले पाहिजेत, नाहीतर कमी हवेलाच ती ‘बरोबर’ समजून बसते. जोडचाकांच्या ट्रकला प्रत्यक्ष मोजणारे सेन्सरच घ्या.

जुनी गाडी आहे, ट्यूबचे टायर आहेत. बसवता येईल का?

येईल, पण रिमच्या आत बसणारा प्रकार नाही. तो ट्यूबलेससाठी. ट्यूबच्या टायरला वॉल्व्हच्या टोकावर झाकणासारखा फिरवून बसणारा सेन्सर मिळतो. सोय म्हणजे टायर उतरवावा लागत नाही आणि बॅटरी घरी बदलता येते. अडचणीही सांगतो. तो चोरीला जातो, म्हणून चावीने आवळायचा नट असलेला घ्या. त्याच्या वजनाने रबरी वॉल्व्ह हलतो आणि मुळाशी चिरतो, म्हणून ट्यूबलेस टायरला तो लावायचा असेल तर आधी धातूचा वॉल्व्ह बसवा. आणि हा सेन्सर वॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो, त्यामुळे त्याचा वायसर झिजला तर सेन्सरमधूनच हवा जाते. बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बघा.

आतल्या जोडटायरसाठी वॉल्व्हला एक्स्टेंशन लावावं लागतं. ते रिमला पक्कं धरलेलं हवं. हलतं राहिलं तर काही महिन्यांत तेच गळायला लागतं.

इशाऱ्याची मर्यादा किती लावू?

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि याच ठिकाणी आमच्या हातून मोठी चूक झाली.

पहिलं किट बसवलं तेव्हा मी पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना एकच मर्यादा लावली आणि वरची मर्यादा थंड हवेपेक्षा जेमतेम १० टक्के जास्त ठेवली. धावलेल्या टायरचा आकडा १५ टक्के वर जातोच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. परिणामी उन्हाळ्यात दर तासाला अलार्म. तीन-चार खेपांनंतर ड्रायव्हरने वैतागून डिस्प्लेची पिन काढून ठेवली. त्याच आठवड्यात रात्री कसाऱ्याच्या अलीकडे मागचा आतला टायर बसला. तो तसाच धावत राहिला आणि धूर दिसेपर्यंत बाहेरचाही गेला होता. मागून येणाऱ्या एका टँकरवाल्याने गाडी आडवी घालून थांबवलं आणि स्वतःचं अग्निशामक वापरलं, म्हणून गाडी वाचली. ड्रायव्हरला बोलायला मला तोंड नव्हतं. अलार्म निरुपयोगी मी केला होता.

आता आम्ही असं करतो. प्रत्येक एक्सलचा थंड आकडा वेगळा भरायचा. खालचा इशारा त्यापेक्षा १५ टक्के कमी, वरचा २५ ते ३० टक्के जास्त. ११० साठी हे साधारण ९३ आणि १४० होतात. खालचा इशारा २५ टक्क्यांवर ठेवू नका. अमेरिकेतल्या नियमात २५ टक्के आहेत, पण ते मोटारी आणि हलक्या गाड्यांसाठी आहेत. भरलेल्या ट्रकला तोवर उशीर झालेला असतो.

तापमानाचा आकडा कशासाठी बघायचा?

मला विचाराल तर हा आकडा प्रेशरइतकाच बोलका आहे, फक्त तो एकटा बघू नका, शेजारच्याशी ताडून बघा. सगळी चाकं ६० अंशांच्या आसपास आणि एकच ७८ असेल तर टायरपेक्षा ब्रेक किंवा बेअरिंगवर संशय घ्या. ब्रेक चिकटलेला असेल तर ड्रम तापतो, ड्रमची उष्णता रिममध्ये आणि रिमची टायरमध्ये जाते. आमच्या एका पिकअपचं बेअरिंग जाम व्हायच्या बेतात होतं, ते असंच सापडलं.

घाट उतरताना मात्र सगळीच मागची चाकं एकदम तापतात. कसारा किंवा बोरघाट उतरून खाली आल्यावर आकडे वर दिसले, तर ते ब्रेकचे आहेत. खालच्या गिअरमध्ये उतरा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, ड्रमला तडा जातो. झाकणासारखे सेन्सर बाहेर वाऱ्यात असतात, त्यामुळे ते टायरच्या आतल्यापेक्षा कमी तापमान दाखवतात. त्यांच्या आकड्याची तुलना आतल्या सेन्सरशी करू नका.

मागच्या चाकांचे आकडे मधूनमधून गायब होतात.

सिग्नल पोहोचत नाही. हे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर अगदी कमी ताकदीने बोलतात आणि मध्ये लोखंडी चेसिस असते. लांब गाडीला मागे रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे पोहोचवणारं उपकरण, लावा. ट्रेलरला तो लागतोच. काही वेळा दोष सिगारेट लायटरमध्ये खुपसलेल्या स्वस्त चार्जरचा किंवा डॅशकॅमचा असतो. एकेक काढून बघा.

पंक्चरवाल्याला काय सांगायचं?

चाक त्याच्या हातात द्यायच्या आधी, मोठ्याने सांगा: “आत सेन्सर आहे.” बहुतेक सेन्सर वॉल्व्हच्या मुळाशीच असतात. टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) त्या बाजूने घातली की सेन्सर गेलाच. वॉल्व्हपासून लांब सुरुवात करायला सांगा. ॲल्युमिनियमच्या वॉल्व्हवर पितळी किंवा साधं लोखंडी झाकण लावू देऊ नका, पावसाळ्यात ते गंजून असं धरतं की काढताना वॉल्व्ह तुटतो. विशेषतः कोकणात जाणाऱ्या गाड्यांना हे फार होतं. प्लास्टिकचं झाकण सगळ्यात चांगलं. पंक्चर बुजवणारं द्रव टायरात ओतलं तर सेन्सरचं बारीक छिद्र बुजू शकतं. अडचणीत वापरावं लागलं तर नंतर टायर उघडून सेन्सर पुसून घ्या.

नायट्रोजन भरल्याने इशारे कमी होतात का?

फार फरक पडत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच आणि तापल्यावर दोन्ही सारखेच प्रसरण पावतात. ओलावा नसतो आणि गळती थोडी हळू होते, एवढंच. मिळाला तर भरा. नाही मिळाला म्हणून कमी हवेवर पुढचा पंप शोधत जाऊ नका, साधी हवा भरा.

सेन्सर किती वर्षं टिकतो?

आतला सेन्सर साधारण ५ ते १० वर्षं. बॅटरी आत सीलबंद असते, त्यामुळे संपली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. टायर बदलायची वेळ आणि सेन्सरचं वय जवळ आलं असेल तर दोन्ही कामं एकदमच उरका, मजुरी एकदाच लागते.

कायद्याने बंधनकारक आहे का?

भारतात ३.५ टनांपर्यंतच्या गाड्यांना ही यंत्रणा बसवलेली असेल तर ती एआयएस-१५४ या मानकाप्रमाणे हवी, असा बदल केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झाला. त्याच वेळी ट्यूबलेस टायर, दुरुस्ती किट आणि टीपीएमएस असलेल्या नऊ आसनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. माल वाहणाऱ्यांनी ती सूट स्वतःला लावून घेऊ नये, स्टेपनी ठेवावी. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या ट्रक, व्हॅन आणि ट्रेलरनाही ही यंत्रणा सक्तीची आहे.

समृद्धी महामार्गावर वेगळी काही काळजी?

हो. ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीटचा रस्ता आहे. साध्या हायवेवर खड्डा, गाव, सिग्नल यामुळे टायरला अधूनमधून उसंत मिळते. इथे तासन्‌तास एकाच वेगात गाडी पळते आणि विदर्भात मे महिन्यात रस्ता स्वतःच तापलेला असतो. जो टायर जुन्या रस्त्यावर १० पीएसआय कमी हवेत निभावून नेत होता, तो इथे निभावत नाही. चढण्याआधी थंड टायर मोजा, टायरचं वय बघा (बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष), आणि दर दीड-दोन तासांनी थांबा.

टीपीएमएस आहे, मग टामीने टायर ठोकून बघणं बंद करू का?

बंद करू नका. ठोकल्यावर बद्द आवाज आला तर टायर पूर्ण बसलाय एवढं कळतं. १५ पीएसआयचा फरक कानाला कळत नाही, तिथे सेन्सर हवा. पण सेन्सरला बाजूच्या भिंतीवरची चीर, जोडटायरांच्या मध्ये अडकलेला दगड किंवा सैल झालेला नट दिसत नाही. त्यासाठी गाडीभोवती चक्कर मारावीच लागते, आणि टामी हातात असली की माणूस प्रत्येक चाकापाशी थांबतो.

अलार्म वाजला तरी ड्रायव्हर थांबत नाही. काय करू?

आधी बघा की थांबल्यावर त्याला काय ऐकावं लागतं. माल उशिरा पोहोचला म्हणून बोलणी, पंक्चरचे पैसे त्याच्या खिशातून, मालकाला रात्री उठवलं म्हणून राग, असं असेल तर तो थांबणार नाही. कसाऱ्याच्या प्रसंगानंतर आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. टायरसाठी थांबायला फोन करून विचारायचं नाही. पंक्चरचे पैसे प्रत्येक खेपेला वेगळे दिलेले असतात, उरले तर परत घेत नाही. आणि टायरमुळे उशीर झाला तर व्यापाऱ्याला फोन मी करतो, ड्रायव्हर नाही. तेव्हापासून डिस्प्लेची पिन कुणी काढलेली नाही.